द्राक्षबागेसाठी बहुकॅमेरा मल्टिस्पेक्ट्रल यंत्रणा: जुळणी, मापन आणि चित्रण

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात आणि त्यांवरून तासगाव किंवा कवठे महांकाळकडील द्राक्षबागेचा नकाशा घरबसल्या तयार करता येतो. परंतु त्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब व तेवढाच रुंद असतो, आणि रेड एजच्या, म्हणजे लाल व त्यापुढील अदृश्य प्रकाशाच्या सीमेवरच्या, पट्ट्यांत तर तो २० मीटरचा होतो. ज्या बागेत वेलींच्या दोन ओळींमध्ये नऊ-दहा फुटांचे अंतर आहे, तेथे अशा एका ठिपक्यात तीन ओळी, मधली माती, तण आणि सावली हे सारे एकत्र मिसळून जाते. वेलीनिहाय किंवा पाननिहाय काही पाहायचे असेल, तर कॅमेरा बागेतच न्यावा लागतो. ट्रॅक्टरवर किंवा खांबावर बसवून सुमारे दोन मीटर अंतरावरून एकाच वेळी प्रकाशाच्या पाच वेगवेगळ्या तरंगलांबी-पट्ट्यांत छायाचित्रे आणि व्हिडिओ घेणारी, म्हणजेच मल्टिस्पेक्ट्रल, यंत्रणा कशी जुळवावी, हे येथे दिले आहे.

ज्यांना फक्त ३० मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरून बागेचा नकाशा हवा आहे, त्यांनी ही खटपट करू नये. त्यासाठी तयार मल्टिस्पेक्ट्रल ड्रोन मिळतात आणि ते भाड्याने घेणेच शहाणपणाचे ठरते. जवळून चित्रण करावयाचे असेल, अंतर व पट्टे स्वतः ठरवावयाचे असतील, किंवा बेदाणा वर्गवारीच्या सरकत्या वाहक पट्ट्यासारख्या ठिकाणी यंत्रणा कायमची बसवावयाची असेल, तरच स्वतःची जुळणी परवडते.

पट्ट्यांची निवड

हिरव्या पानातील हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषून घेते, हिरवा त्या मानाने अधिक परावर्तित करते, तर ७०० नॅनोमीटरच्या पुढे पानाचे परावर्तन एकाएकी चढते, कारण तेथे हरितद्रव्याचे शोषण संपते आणि पानाच्या आतील पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्या प्रकाश विखरून परत पाठवतात. या चढालाच रेड एज म्हणतात. १९७२ साली सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांपासून लाल आणि निकट-अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) या दोन पट्ट्यांची तुलना वनस्पतींच्या अभ्यासात रुळली. दोहोंच्या फरकाला दोहोंच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा निर्देशांक मिळतो.

द्राक्षासाठी ४७५ (निळा), ५६० (हिरवा), ६६८ (लाल), ७१७ (रेड एज) आणि ८४० (निकट-अवरक्त) नॅनोमीटर हे पाच पट्टे घ्यावेत. मायकासेन्स रेडएज या तयार कॅमेऱ्यातही हेच मध्य वापरलेले आहेत, त्यामुळे आपले आकडे इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहणे सोपे जाते. पैसे कमी असतील तर निळा पट्टा प्रथम गाळावा. रेड एज मात्र गाळू नये. छाटणीनंतर कॅनॉपी (वेलीचा पर्णसंभार) दाट झाली की लाल पट्ट्यातील परावर्तन तळाला टेकते आणि एनडीव्हीआय वरच्या टोकाला अडकून बसतो. त्या अवस्थेत दोन वेलींमधला फरक दाखवण्याचे काम लालऐवजी रेड एज घेऊन काढलेला निर्देशांकच करतो. उसाच्या फडातही हाच अनुभव येतो.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. नेहमीच्या सिलिकॉन सेन्सरची दृष्टी सुमारे १,००० नॅनोमीटरपर्यंत पोहोचते, आणि पानातील पाण्याचे ठळक शोषण १,४५० नॅनोमीटरच्या आसपास असते. त्यामुळे या यंत्रणेने पाण्याचा ताण थेट मोजता येत नाही. तो पानांच्या रंगावर आणि वाढीवर उतरल्यावरच दिसतो. त्याचप्रमाणे रोग डाऊनी आहे की भुरी, हेही हे पट्टे सांगत नाहीत. कोठे काहीतरी बिघडले आहे एवढे ते दाखवतात, आणि बागेत जाऊन पान उलटून पाहणे उरतेच.

कॅमेरा, लेन्स आणि फिल्टर

पाचही कॅमेरे एकाच मॉडेलचे, कृष्णधवल सेन्सरचे आणि ग्लोबल शटरचे (संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारे) असावेत. रोलिंग शटरमध्ये चित्राच्या ओळी एकामागून एक टिपल्या जातात, त्यामुळे चालत्या ट्रॅक्टरवर चित्र तिरके होते आणि पाच चित्रे मग कोणत्याही गणिताने नीट एकमेकांवर बसत नाहीत. रंगीत सेन्सर टाळावा, कारण त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर आधीच एक रंगीत फिल्टर असतो आणि निकट-अवरक्तात तो फिल्टर भरवशाचा राहत नाही. पुढील सर्व हिशेब १,४५६ बाय १,०८८ ठिपक्यांच्या आणि ३.४५ मायक्रोमीटर ठिपक्याच्या सोनी आयएमएक्स२९६ या सेन्सरवर व ६ मिलिमीटरच्या लेन्सवर केले आहेत. दोन मीटरवरून या जोडीला सुमारे १.६७ बाय १.२५ मीटरचा भाग दिसतो आणि एक ठिपका १.१५ मिलिमीटरचा पडतो.

फिल्टर इंटरफेरन्स प्रकारचे (काचेवरील पातळ थरांनी ठरावीक पट्टाच आत सोडणारे), १० ते २० नॅनोमीटर रुंदीचे आणि आपल्या पट्ट्याबाहेरचा प्रकाश १,१०० नॅनोमीटरपर्यंत अडवणारे घ्यावेत. साध्या रंगीत जिलेटिन कागदाने काम भागत नाही. लाल दिसणारा कागद निकट-अवरक्त प्रकाशही सर्रास आत सोडतो आणि मग लाल पट्ट्यात पान उजळ दिसू लागते. फिल्टर खरा आहे का हे पाहण्यासाठी ६६८ आणि ८४० चे फिल्टर एकावर एक धरून उन्हातील पानाचे चित्र घ्यावे. चित्र काळे आले पाहिजे. पानाची आकृती उमटली, तर दोहोंपैकी एक गळका आहे.

फिल्टरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. प्रकाश फिल्टरवर तिरका पडला की फिल्टरचा पट्टा निळ्या बाजूला सरकतो. फिल्टर लेन्सच्या पुढे बसवला आणि लेन्स ६ मिलिमीटरची असली, तर चित्राच्या उजव्या-डाव्या कडेला प्रकाश सुमारे २३ अंशांनी येतो आणि नेहमीच्या फिल्टरमध्ये ६६८ चा पट्टा तेथे १२ नॅनोमीटरने खाली येतो. लाल पट्ट्यात एवढ्याने फारसे बिघडत नाही, परंतु ७१७ चा पट्टा ७०४ च्या आसपास आला, तर रेड एजच्या चढावर तो अगदी वेगळ्या ठिकाणी उभा राहतो, आणि एकाच वेलीची पाने मध्यभागी निरोगी व कडेला आजारी दिसू लागतात. हा दोष नंतर सॉफ्टवेअरने पुसता येत नाही. म्हणून रेड एजच्या चित्राचा मधला अर्धा भागच मोजणीस घ्यावा, किंवा जागा असेल तर पाचही लेन्स १२ मिलिमीटरच्या घेऊन अंतर वाढवावे.

लेन्सचा फोकस फिल्टर बसवल्यानंतर, त्याच पट्ट्यात आणि कामाच्या अंतरावर लावावा, कारण निकट-अवरक्त प्रकाशाचा फोकस दृश्य प्रकाशाच्या जागी पडत नाही. त्यानंतर फोकस व ॲपर्चर यांचे स्क्रू घट्ट करून ते रंगाच्या खुणेने बंद करावेत.

पाटी आणि चित्रे सरकण्याचा प्रश्न

पाच कॅमेरे म्हणजे पाच वेगळ्या जागा. दोन कॅमेऱ्यांच्या मध्यांतील अंतर ४० मिलिमीटर असेल, तर दोन मीटरवरील एकच पान त्या दोन चित्रांत सुमारे ३५ ठिपके सरकलेले दिसते. ३० मीटर उंचीवर हेच सरकणे दोन-अडीच ठिपक्यांवर येते, म्हणून ड्रोनवाल्यांना हा प्रश्न फारसा छळत नाही. जवळून चित्रण करणाऱ्याची अडचण अशी की, सरकणे अंतरानुसार बदलते. वाय पद्धतीच्या मांडणीत (वाय आकाराच्या आधारावर चढवलेल्या वेलींत) पुढचे पान दीड मीटरवर आणि मागचे दोन मीटरवर असते. पहिले ४६ ठिपके सरकते, दुसरे ३५. संपूर्ण चित्र एकाच मापाने सरकवून जुळवले, तर कोणते तरी एक पान अकरा-बारा ठिपक्यांनी, म्हणजे एक सेंटिमीटरहून अधिक चुकणारच.

म्हणून कॅमेरे शक्य तितके जवळ बसवावेत, आणि ज्या दोन पट्ट्यांचा भागाकार करावयाचा आहे ते शेजारी ठेवावेत. लाल, निकट-अवरक्त आणि रेड एज हे तीन एकमेकांना लागून बसवावेत आणि हिरवा व निळा बाहेर ढकलावेत. या तिघांपैकी पाटीच्या मध्याजवळचा एक कॅमेरा संदर्भ म्हणून ठरवावा. बाकीची चित्रे त्याच्यावर जुळवली जातील.

कॅमेरे बसवण्याची पाटी ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असावी. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत सीएनसीवर सुटी कामे करून देणारे वर्कशॉप गाठावे, आणि आराखड्यात कॅमेऱ्यामागे स्क्रूच्या भोकांबरोबर डॉवेल पिनचीही (जागा पक्की धरणाऱ्या खिट्ट्यांची) भोके दाखवावीत, कारण केवळ स्क्रूवर बसवलेला कॅमेरा प्रत्येक वेळी काढून लावताना थोडा फिरतो आणि आधीचे सर्व मापन वाया जाते. ट्रॅक्टरचे हादरे अडवणारे रबर पाटी आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये घालावे. कॅमेरा आणि पाटी यांच्यामध्ये ते कधीही घालू नये. पेटी पांढरी ठेवावी. उन्हाळ्यात सेन्सर तापतो, आणि दर सहा-आठ अंशांना त्याचा अंधारातील प्रवाह (उजेड नसतानाही सेन्सर देतो तो संकेत) जवळपास दुप्पट होतो.

एकाच क्षणी पाच चित्रे

ताशी तीन किलोमीटरने चालणारा ट्रॅक्टर एका सेकंदात ८३० मिलिमीटर पुढे जातो. संगणकाने यूएसबीवरून एकामागून एक आज्ञा दिल्या आणि पहिल्या व पाचव्या कॅमेऱ्यात ३० मिलिसेकंदांचे अंतर पडले, तर तेवढ्यात यंत्रणा २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २२ ठिपके सरकलेली असते. त्यामुळे हार्डवेअर ट्रिगरला पर्याय नाही. एका छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवरून एकच स्पंद काढून तो पाचही कॅमेऱ्यांच्या ट्रिगर इनपुटला द्यावा. व्होल्टेजची खातरजमा प्रत्येक कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातून करावी: रास्पबेरी पायच्या ग्लोबल शटर कॅमेऱ्याची ट्रिगर पिन १.८ व्होल्टची आहे, मायक्रोकंट्रोलर बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्ट देतात, आणि औद्योगिक कॅमेऱ्यांच्या विलगित इनपुटला अनेकदा त्याहून जास्त लागतात. अंदाजाने तार जोडल्यास कॅमेरा जळू शकतो.

स्पंद एकाच वेळी पोहोचला तरी एक्स्पोजर वेगवेगळे असतील, तर प्रत्येक चित्राचा मध्यक्षण वेगळा पडतो. ०.५ आणि ३ मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरचे मध्य सव्वा मिलिसेकंदाने वेगळे असतात, आणि या वेगात तो सुमारे एका ठिपक्याचा फरक आहे. एक्स्पोजर मिलिसेकंदभराचे किंवा त्याहून कमी ठेवून उरलेली कमतरता गेनने (सेन्सरचा संकेत वाढवून) भरावी. अरुंद पट्ट्याच्या रेड एज कॅमेऱ्याला थोडा अधिक गेन लागेल, तो सोसावा.

जुळणी खरी आहे का, हे टेबलफॅनने तपासता येते. पात्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून पंखा उन्हात चालू करावा आणि पाचही चित्रांत पट्टीचा कोन पाहावा. मिनिटाला १,२०० फेरे घेणारे पाते एका मिलिसेकंदात सात अंश पुढे जाते, म्हणून लहानशी चूकही डोळ्यांना दिसते. ही परीक्षा घरातील एलईडी दिव्याखाली करू नये, कारण पांढऱ्या एलईडीत ८४० नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ नसतोच.

व्हिडिओ कधी, छायाचित्रे कधी

व्हिडिओचा मोह आवरावा असे माझे मत आहे. १२ बिटांचा ठिपका दोन बाइटमध्ये साठवला, तर एक चित्र ३.१७ मेगाबाइटचे होते. पाच कॅमेरे आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर ४७५ मेगाबाइट प्रतिसेकंद, म्हणजे मिनिटाला २८ गिगाबाइटहून अधिक माहिती जमा होते. एक गिगाबिट ईथरनेटची तार एका कॅमेऱ्यापुरती होते, पाचांना स्वतंत्र पोर्ट लागतात, आणि लिहिण्यासाठी एनव्हीएमई ही वेगवान डिस्क लागते; मेमरी कार्डाचे हे काम नाही. बागेच्या नकाशासाठी सेकंदाला दोन चित्रे पुरेशी आहेत, कारण तेवढ्यातच लगतच्या चित्रांचा ६० टक्क्यांहून अधिक भाग एकमेकांवर येतो. ज्या ठिकाणी हालचालच मोजायची आहे, उदाहरणार्थ फवारणीच्या तुषारांचा विस्तार किंवा वाहक पट्ट्यावरून पळणारा बेदाणा, तेथेच पूर्ण वेगाचे चित्रण करावे. तेही मोबाइलसारख्या नेहमीच्या संकुचित स्वरूपात साठवू नये. एफएफव्ही१ सारखे काहीही न गमावणारे स्वरूप वापरावे. प्रत्येक चित्राबरोबर ट्रिगरचा क्रमांक लिहिला जाईल अशी व्यवस्था असावी, म्हणजे एखाद्या कॅमेऱ्याचे एक चित्र गळले तरी पुढची सर्व चित्रे चुकीच्या जोड्या लावणार नाहीत.

जागेचे मापन

बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना सपाट पत्र्यावर चिकटवून तो निरनिराळ्या कोनांत व अंतरांवर धरून पाचही कॅमेऱ्यांनी एकदम टिपावा आणि ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने प्रत्येक लेन्सची विकृती व कॅमेऱ्यांच्या परस्पर जागा काढाव्यात. नमुना लेझर प्रिंटरवर छापावा. इंकजेटची काही काळी शाई निकट-अवरक्तात पारदर्शक होते आणि ८४० च्या चित्रात सगळा कागद कोरा दिसतो. टोनरमधील कार्बन मात्र सर्व पट्ट्यांत काळाच राहतो.

लेन्सची विकृती काढल्यानंतर उरते ते चित्रे एकमेकांवर बसवणे. येथे नेहमीचे वैशिष्ट्यबिंदू जुळवणारे कार्यक्रम अडखळतात, कारण लाल पट्ट्यात काळे दिसणारे पान निकट-अवरक्तात पांढरे दिसते. त्याऐवजी दोन्ही चित्रांच्या कडा काढून त्या कडांची चित्रे जुळवावीत. खोलीमुळे उरणारा दोष पूर्ण घालवायचा असेल, तर सहावा कॅमेरा संदर्भ कॅमेऱ्याच्याच पट्ट्याचा बसवावा. एकाच पट्ट्याच्या दोन चित्रांवरून अंतर काढणे सोपे असते आणि त्या अंतरावरून बाकीच्या चित्रांचे सरकणे ठिपक्यागणिक काढता येते. एवढा खर्च बहुतेकांना करावा लागत नाही. द्राक्षाचे पूर्ण वाढलेले पान १० सेंटिमीटरहून रुंद असते, त्यामुळे प्रत्येक पानाची कड १५ ठिपक्यांनी आत घेऊन उरलेल्या मधल्या भागाची सरासरी काढली, की जुळणीतील दोष मोजणीत उतरत नाही.

प्रकाशाचे मापन

कॅमेऱ्यातील स्वयंचलित एक्स्पोजर, गेन आणि व्हाइट बॅलन्स ही सर्व बंद करून रॉ (सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या) स्वरूपात चित्रण करावे. ठिपक्याचा आकडा म्हणजे परावर्तन नव्हे. उन्हाचा, लेन्सचा आणि सेन्सरचा वाटा त्यात मिसळलेला असतो. तो वेगळा करण्यासाठी तीन चित्रे लागतात: टोपी लावून घेतलेले काळे चित्र, दुधी ॲक्रिलिकमधून घेतलेले एकसारख्या उजेडाचे चित्र, आणि परावर्तन माहीत असलेल्या संदर्भपटाचे चित्र. पानाच्या चित्रातून काळे चित्र वजा करावे, कडेच्या अंधारीची दुरुस्ती करावी, संदर्भपटाच्या तशाच दुरुस्त आकड्याने भागावे आणि पटाच्या ज्ञात परावर्तनाने गुणावे. हे प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र करावे लागते.

संदर्भपट ५० टक्के परावर्तनाच्या आसपासचा राखाडी घ्यावा आणि त्याचा आकडा सेन्सरच्या कमाल मर्यादेच्या ७० टक्क्यांवर येईल असे एक्स्पोजर लावावे. लाल पट्ट्यात निरोगी पान साधारण पाच टक्केच प्रकाश परत पाठवते, म्हणजे त्याचा आकडा कमाल मर्यादेच्या सात टक्के येतो. ८ बिटांत तो जेमतेम १८ असतो, १२ बिटांत सुमारे २८५. आठ बिटांची बचत येथेच अंगाशी येते. पांढरा कागद संदर्भ म्हणून वापरू नये, कारण त्यातील उजळवणारी रसायने अतिनील प्रकाश घेऊन निळा बाहेर टाकतात आणि निळ्या पट्ट्याचे माप फसते.

पटाचे चित्र दर दहा-पंधरा मिनिटांनी आणि ढग आल्यागेल्यावर पुन्हा घ्यावे. पट आडवा ठेवावा आणि त्यावर स्वतःची किंवा ट्रॅक्टरची सावली पडू देऊ नये.

वेळेची निवड घड्याळावर नव्हे, तर सूर्यावर करावी. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि सांगली सुमारे ७४.६ अंशांवर आहे, त्यामुळे येथे सूर्याची मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या आरंभी ती सव्वाबाराच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकच्या सुमारास येते. डिसेंबरअखेरीस मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवरच असतो, म्हणून फळछाटणीनंतरच्या हंगामात ११ ते २ ही वेळ योग्य ठरते. खरड छाटणीनंतर, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य सांगलीत अगदी डोक्यावर येतो. तेव्हा खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याची सावली चित्रातच पडते आणि तिच्याभोवती पाने अवास्तव उजळ दिसतात. त्या दिवसांत सकाळी दहाच्या आसपास काम उरकावे.

बागेतील काही सावधगिरी

बोर्डो मिश्रणाची फवारणी झाल्यानंतर पानांवर जो निळसर पांढरा थर बसतो, तो लाल व निळ्या पट्ट्यांतील परावर्तन वाढवतो आणि निरोगी वेल अशक्त दाखवतो. फवारणीची तारीख प्रत्येक चित्रणाच्या नोंदीत असलीच पाहिजे. प्लास्टिक आच्छादनाखालील आणि उघड्या ओळींचे आकडे एकत्र करू नयेत. आच्छादनाखालील पानांसाठी संदर्भपटही आच्छादनाखालीच ठेवावा. सावलीतील पानांवर मुख्यतः आकाशाचा निळसर प्रकाश पडतो, त्यामुळे ती उन्हातील पानांपासून वेगळी काढूनच मोजावीत. काळ्या रंगाचे बरेचसे कापड निकट-अवरक्तात उजळ दिसते, म्हणून मदतनिसाची काळी छत्री किंवा जाकीट चित्रात वनस्पतीसारखे भासू शकते. केवळ निकट-अवरक्ताच्या उजेडावरून पाने वेगळी काढणारा कार्यक्रम त्याने हमखास फसतो.

तयार झालेल्या नकाशावरून खताची मात्रा लगेच ठरवू नये. नकाशातील उंच, मध्यम आणि कमी निर्देशांकाच्या जागा निवडून तेथील वेलींच्या पानांचे देठ त्याच आठवड्यात, एकाच जातीचे आणि एकाच छाटणीचे, परीक्षणासाठी पाठवावेत, आणि प्रयोगशाळेचे आकडे त्या जागांच्या निर्देशांकासमोर मांडावेत. दोहोंचा मेळ बसला, तर उरलेल्या बागेसाठी नकाशा वापरावा; बसला नाही, तर प्रथम संदर्भपटाची चित्रे आणि फवारणीची नोंद तपासावी, आणि मगच मातीकडे वळावे.